दोन खांबांचे अंतर

परवा रविवारी फजरची नमाज झाल्यावर मुलीला घेऊन सायकलने निघालो. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की सापगावजवळ भातसा नदीचा पूल येतो, तिथपर्यंत जाऊन परतायचे ठरले होते. पुलावर आठ-दहा तरुणांचा एक गट आम्हाला ओलांडून गेला. डोक्यावर हेल्मेट, अंगात रंगीबेरंगी बनियन, चाकाला चाक लागेल इतके जवळ, गप्पा मारत, हसत. ते दिसेनासे झाल्यावर मुलगी म्हणाली, “अब्बा, तुम्ही लोक कोरोनात किती लांब लांब चालवायचात ना? मला वाटायचं, तुमचं भांडण झालंय.”

तेव्हा ती पाचवीत होती, आता दहावीत आहे. तिला हसत उत्तर दिले, पण घरी आल्यावर तो सगळा काळ डोळ्यांपुढून गेला. टाळेबंदीत आपण काय काय सोसले यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला सांगायचे आहे ते एवढ्याशा गोष्टीबद्दल: सहा माणसांनी एकमेकांपासून दूर राहून एकत्र सायकल कशी चालवली, त्यात एकदा चूक कशी झाली, आणि ती चूक आम्हाला काय शिकवून गेली.

सायकलला हो, घोळक्याला नाही

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. दोन महिने आम्ही घरात. माझे वजन वाढले, साखर वाढली. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, “सर, चाला, नाहीतर सायकल काढा.” पण बाहेर पडायचे कसे?

३१ मे रोजी राज्य सरकारचा ‘मिशन बिगिन अगेन’चा आदेश निघाला आणि ३ जूनपासून थोडी मोकळीक मिळाली. पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत मोकळ्या जागी चालणे, धावणे, सायकल चालवणे याला परवानगी होती. त्या आदेशातली एक गोष्ट मला फार आवडली. सायकलच्या व्यायामाला त्यात मुद्दाम उत्तेजन दिले होते, आणि कारण दिले होते की सायकल चालवताना अंतर आपोआप राखले जाते. मात्र त्याच आदेशात सामूहिक हालचालींना साफ मनाई होती. मुलांबरोबर मोठे माणूस हवे, अशीही अट होती.

योगायोग पाहा. ३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ठरवलेला जागतिक सायकल दिन. त्याच दिवशी अ‍ॅटलस या जुन्या सायकल कंपनीने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला. आणि त्याच दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला येऊन धडकले. त्यामुळे परवानगी मिळाली त्या दिवशी आम्ही कोणीच सायकल काढली नाही. दारे-खिडक्या लावून दुआ करत बसलो.

आता सायकलला हो आणि घोळक्याला नाही, यात अडचण कुठे येते ते समजून घेऊ. एकट्याने सायकल चालवणे आणि गटाने चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा सायकलस्वार वारा कापत जातो. त्याच्या पाठीमागे वाऱ्याचा जोर कमी असतो. तिथे हात-दोन हातांवर दुसऱ्याने आपले चाक ठेवले तर त्याची बरीच मेहनत वाचते. वेगाने जाणाऱ्या गटात मागच्याची पाव ते एक तृतीयांश ताकद वाचू शकते. पाखरांचे थवे रांग धरून उडतात, त्यातलाच हा प्रकार. पुढचा दमला की मागे येतो, दुसरा पुढे होतो. म्हणजे गटाचा सगळा फायदा जवळ राहण्यात असतो, आणि नेमके तेच मना होते.

एप्रिल २०२० मध्ये बर्ट ब्लोकेन या हवेच्या प्रवाहांच्या अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता, तो जगभर गाजला. जागेवर उभ्या माणसांसाठी सहा फूट ठीक आहेत, पण पुढचा माणूस सायकलवर असेल तर त्याच्या तोंडातले थेंब मागच्याच्या वाटेत येतात. म्हणून सरळ मागे असाल तर सावकाश सायकलीला १० मीटर आणि वेगवान सायकलीला २० मीटर अंतर ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. तो थेंबांच्या प्रवासाचा हिशेब होता, आजार होतो की नाही याचा नव्हे, आणि इतर शास्त्रज्ञांनी तपासून घेण्याआधीच तो बाहेर आला म्हणून त्याच्यावर टीकाही झाली. पण आमच्यासारख्यांना एक गोष्ट पटली: चालत्या माणसाचे सहा फूट आणि सायकलवरचे सहा फूट सारखे नाहीत.

महामार्गावरचे काफिले

खरे सांगायचे तर गटाने सायकल चालवणे मी आधी पाहिले ते शौकाच्या रूपात नव्हते. मे महिना होता, रमजान चालू होता. आसनगाव फाट्यावर मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला परवानगी काढून आम्ही काही जण पाणी, खजूर आणि खिचडीची पाकिटे घेऊन उभे राहायचो. मुंबई-ठाण्याचे कामगार, भिवंडीच्या यंत्रमागांवरचे कारागीर गावाकडे निघाले होते. महिन्याच्या सुरुवातीलाच भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली होती, पुढे एसटीनेही लोकांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट नेले. पण ज्यांचा नंबर लागत नव्हता, ज्यांचा धीर सुटला होता, ते पायी निघाले. काहींनी उरल्यासुरल्या पैशांतून सायकली घेतल्या होत्या.

एका दुपारी नऊ जणांचा जथा आला. दोन-तीन सायकलींच्या दांड्यांवरचा प्लास्टिकचा कागदही अजून निघालेला नव्हता. कॅरिअरला पिशवी, हँडलला पाण्याची बाटली. एकाचे मागचे चाक बसले होते आणि त्या एकासाठी आठही जण उन्हात थांबले होते. माझ्यातला मास्तर बोलून गेला, “भाई, ज़रा दूर दूर रहो, अलग अलग चलो.” त्यातला वयाने मोठा माणूस म्हणाला, “मास्टरजी, अलग चलें तो पीछे वाला छूट जाएगा। आगे घाट है।”

पुतण्याने पंक्चर काढून दिले. कसारा घाट समोर होता, तो त्यांना सायकली ढकलतच चढायचा होता. त्याच मे महिन्यात बिहारची पंधरा वर्षांची ज्योती कुमारी जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत, सुमारे १,२०० किलोमीटर, सायकल चालवत गेली. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले. मला मात्र ते नऊ जण आठवत राहिले. अंतर पाळा म्हणणे सोपे होते, पण मागचा सुटू नये याची सोय त्या सांगण्यात कुठेच नव्हती.

वळणाचा नियम

जूनमध्ये आम्ही सहा जणांनी ठरवले. मी, आमच्या शाळेतले गणिताचे सर, औषधांचे दुकान चालवणारे एक भाई, पोस्टातले काका, माझा पुतण्या आणि कारखान्यात नोकरीला लागलेला आमचा एक जुना विद्यार्थी. पोलीस ठाण्यात जाऊन विचारले. उत्तर मिळाले, “एकेकटे जा, एकेकटे या. कुठे घोळका दिसला की दंड.” ठीक आहे, म्हटले. एकेकटे जाऊ, पण एकाच रस्त्याने जाऊ.

गणिताच्या सरांनी हिशेब मांडला. रस्त्याकडेच्या विजेच्या दोन खांबांमध्ये साधारण चाळीस-पन्नास मीटर अंतर असते. पुढच्या सायकलीपासून आपण कायम दोन खांब मागे राहायचे. संसर्गाच्या दृष्टीने एवढे अंतर गरजेपेक्षा जास्तच, पण मोजायला सोपे, आणि सरळ रस्त्यावर पुढचा माणूस दिसत राहतो. एका जागी जमायचे नाही. ज्याने त्याने आपल्या घरून निघायचे आणि रांगेत आपल्या क्रमाने लागायचे. पाणी, रुमाल, हवा भरायचा पंप ज्याचा त्याने आणायचा. कुणाचे काही कुणी वापरायचे नाही. थुंकायचे नाही.

आता प्रश्न राहिला मागचा सुटण्याचा. आमच्याकडे सगळ्या रस्त्यावर फोनला रेंज नसते. शिवाय सायकल चालवताना फोन काढायचा कोणी? त्यावर नियम केला तो वळणाचा. प्रत्येक वळणावर, प्रत्येक फाट्यावर थांबायचे, आपल्या मागचा दिसेपर्यंत. तो दिसला, त्याने हात वर केला, की आपण पुढे. बस, एवढेच. सगळ्या गटाची चिंता कोणी करायची नाही, प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या एकाची करायची. मागचा बराच वेळ दिसला नाही तर परत फिरायचे. या एका नियमाने सहा जणांची रांग पाऊण किलोमीटर लांब झाली तरी कधी तुटली नाही.

तिघे जण प्रवासाला निघाले तर एकाला अमीर नेमावे, ही आपल्याकडची शिकवण. दोस्तांनी ते काम माझ्यावर सोपवले. मी जागा निवडली ती शेवटची. प्रेषित (स.) प्रवासात काफिल्याच्या मागे राहत, थकलेल्याला पुढे नेत, आपल्या मागे बसवून घेत, असे हदीसमध्ये आले आहे. मागे बसवून घेणे तेव्हा शक्य नव्हते. पण पंक्चरचे सामान माझ्या पिशवीत असे, आणि जो दमेल त्याच्यामागे दोन खांब सोडून मी हळूहळू जात असे.

पहाटे साडेपाचला निघायचे. डाव्या-उजव्या हाताला भाताची खाचरे, आवणीची घाई, पाठीमागे ढगांत बुडालेला माहुलीचा किल्ला. कधी किन्हवलीपर्यंत, कधी पुढे सरळगावच्या दिशेने. माळशेजकडे मात्र गेलो नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर जायला जिल्हा प्रशासनाची बंदी होती, आणि ती रास्तच होती. बोलणे व्हायचे ते घरी परतल्यावर, फोनवर. मजा वाटेल, पण एकमेकांचे मन आम्हाला त्या दोन खांबांच्या अंतरातूनच जास्त कळले. कोण चढावर दमतो, कोण उतारावर घाबरतो, कोण आज उदास आहे, हे पाठीवरून कळू लागले.

वेशीवरची चौकशी

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. मार्चअखेर दिल्लीच्या मरकजचे प्रकरण झाल्यापासून आपल्याकडे बघायची नजर बदलली होती. भाजीवाल्याचे नाव विचारले जात होते. गावांनी वेशीवर बांबू आडवे लावले होते. अशाच एका वेशीवर दोन तरुणांनी मला अडवले. माझी दाढी आणि टोपी पाहून एकाने विचारले, “दिल्लीला कोण कोण गेलं होतं तुमच्यातलं?”

मी काही बोलण्याआधीच पुढे गेलेले गणिताचे सर माघारी फिरले. तिथूनच, दोन खांब लांबून, ओरडले, “अरे, तुझ्या बहिणीला दहावीला यांनीच शिकवलंय. नाव विचार तिला!” पोरगा वरमला. बांबू वर झाला. त्या दिवशी वळणाच्या नियमाचा आणखी एक अर्थ मला कळला.

पण घरी येऊन मी विचार केला. रागावून काय होणार? पुढच्या वेळी त्या गावच्या सरपंचांना आधी फोन केला: आम्ही इतके जण, या वेळी, गावात न थांबता जाऊ. त्यांनी हरकत घेतली नाही. आमच्यावर नियमांचे ओझे इतरांपेक्षा जरा जास्त होते, हे मी पुतण्याला समजावून सांगितले. टोपीवाले चार जण चिकटून सायकल चालवताना कोणी फोटो काढला असता, तर तो आमच्यापुरता राहिला नसता. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. ती बातमी मला पहिल्यांदा पाठवली ती गणिताच्या सरांनीच. सोबत एक शब्दही लिहिला नव्हता. लिहायची गरज नव्हती.

एक कप चहा

सप्टेंबर आला. बाजार उघडले होते, माणसे सैल झाली होती. आम्हीही झालो होतो. एकटा सायकल चालवत असेल त्याला मास्कची सक्ती नाही, पण दोघे-तिघे मिळून व्यायाम करत असतील तर मास्क आणि अंतर दोन्ही पाळावे, असा खुलासा केंद्रीय आरोग्य सचिवांनी त्याच महिन्याच्या सुरुवातीला केला होता. आमच्या खिशात मास्क होते.

महिन्याचा दुसरा रविवार. सरळगावच्या अलीकडे अचानक पाऊस कोसळला. समोरचे दिसेना. रस्त्याकडेला एक टपरी होती, वर निळे प्लास्टिक. पहिला थांबला, दुसरा थांबला, सगळ्यात शेवटी मी पोहोचलो. पाच जण त्या प्लास्टिकखाली उभे होते. मी म्हणायला हवे होते की दोघांनी इथे थांबा, बाकीचे पुढच्या झाडाखाली, शाळेच्या पडवीत, कुठेही. मी म्हणालो, “थांबू या, पाऊस उघडेपर्यंत.”

अर्धा तास आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो. मास्क भिजून चिंब झाले म्हणून काढून पिळले आणि खिशात टाकले. चहा आला, गरम भजी आली. तीन महिन्यांनी प्रथमच एकमेकांशी इतक्या जवळून बोलत होतो. काय हसलो त्या दिवशी! पुतण्याने सगळ्यांचा एक फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे.

पाचव्या दिवशी पोस्टातल्या काकांना ताप आला. तपासणीत पॉझिटिव्ह. मग आम्ही सगळ्यांनी तपासून घेतले. माझी निगेटिव्ह आली. गणिताच्या सरांची पॉझिटिव्ह आली, त्रास मात्र काहीच नव्हता. पण त्यांच्या घरी त्यांचे बहात्तर वर्षांचे वडील होते. १५ सप्टेंबरपासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली होती. त्या पाहणीत आशाताई घरी आल्या, बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा आला ८८. बाबा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. धाप लागतेय, हे त्यांनी कोणाला सांगितलेच नव्हते. त्याच दुपारी त्यांना रुग्णालयात हलवले.

काकांना लागण कुठून झाली, पोस्टाच्या खिडकीवर की बाजारात, आणि ती टपरीखालीच पुढे गेली की आणखी कुठे, हे कोणालाही सांगता येणार नाही. सर मला फोनवर हेच सांगत राहिले. पण “थांबू या” हे शब्द माझे होते. एकोणीस दिवस बाबा प्राणवायूवर होते. तहज्जुदला उठून मी त्यांच्यासाठी दुआ मागत होतो. सायकलवर चादर टाकून ठेवली होती.

पाच घंट्या

अल्लाहची कृपा, बाबा घरी आले. दम पूर्वीचा राहिला नाही, शेतावर जाणे सुटले, पण आले.

१६ नोव्हेंबरला राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली. कित्येक महिन्यांनी मशिदीत पाय ठेवला. जमिनीवर खुणा केलेल्या होत्या, सफमध्ये एका माणसाची जागा सोडून उभे राहायचे होते. आयुष्यभर खांद्याला खांदा लावून उभे राहिलेल्या आम्हाला ते फार जड गेले. पण सफ सरळ होती, तोंड एकाच दिशेला होते, इमाम एकच होता. मधली जागा रिकामी असली तरी ती सफच होती. आमची सायकलींची रांग तेव्हा मला आठवली.

तरी मी गेलो नाही. दोस्तांनी सायकली पुन्हा काढल्या होत्या. सरांचे घर रस्त्यालाच आहे. आता त्यांच्या ओट्यासमोरून जाताना, न थांबता, प्रत्येकाने एकदा घंटी वाजवायची असे त्यांनी ठरवले. बाबांना भेटायला जाता येत नव्हते, म्हणून ही भेट. बाबा पहाटेच ओट्यावर येऊन बसत. पहिल्या रविवारी त्यांनी घंट्या मोजल्या. पाच झाल्या. ते वाट पाहत राहिले. रस्ता रिकामा. संध्याकाळी त्यांनी मुलाला माझा नंबर लावायला सांगितले.

“सर, आज पाचच झाल्या.”

मी म्हणालो, “बाबा, माझी हिंमत होत नाही. मीच थांबायला सांगितलं होतं.”

पलीकडून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, “पावसात माणूस थांबतोच. ते जाऊ द्या. पण शेवटचा माणूसच आला नाही, तर रांग संपली कुठं हे मला कळायचं कसं? मी उठायचं कधी ओट्यावरनं?”

पुढच्या रविवारी मी गेलो. पाच घंट्या झाल्या, दोन खांबांनंतर सहावी माझी. बाबांनी हात वर केला, अगदी वळणावर आम्ही करायचो तसा, आणि काठी टेकत उठून आत गेले.

मग काय उरले?

२०२१ ची दुसरी लाट पहिल्यापेक्षा भयंकर होती. एप्रिल-मेमध्ये सायकली पुन्हा घरातच. ७ जूनपासून राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले. तिसऱ्या स्तरात मोकळ्या मैदानात फिरायला आणि सायकल चालवायला पहाटे ५ ते ९ एवढीच मुभा होती. आम्ही त्या चार तासांत बसलो. पुढे कोणावर टपरीखाली उभे राहण्याची वेळ आली नाही, कारण पाऊस दिसला की आम्ही आधीच विखरून थांबत होतो.

त्या काळात देशभर सायकलींची लाट आली होती. सायकल उत्पादक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे मे ते सप्टेंबर २०२० या पाच महिन्यांत भारतात सुमारे ४१ लाख ८० हजार सायकली विकल्या गेल्या. मेमध्ये साडेचार लाखांच्या आसपास, तर सप्टेंबरमध्ये ११ लाखांच्या वर. दुकानांतून नंबर लावावे लागत होते. आज आपल्या इमारतींच्या जिन्याखाली, अंगणात पाहा. त्यातल्या कितीतरी सायकली हवा गेलेल्या चाकांवर गंजत उभ्या आहेत. साथ गेली आणि सवयही गेली.

म्हणून वाचकांना विनंती. ती सायकल बाहेर काढा. घरातल्या घरात गट करा: बाप-लेक, मामा-भाचे, दोन मैत्रिणी. अंतर पाळायची सक्ती आता नाही, पण आमच्या काही गोष्टी साथीनंतरही उपयोगी पडल्या, त्या इथे देतो.

• निघण्याआधी टायरची हवा, दोन्ही ब्रेक आणि चेन तपासा. ओढणी, बुरखा किंवा सैल पायजमा चेनमध्ये अडकू नये म्हणून चेनकव्हर बसवून घ्या.

• सर्वांत अनुभवी माणूस पुढे नको, शेवटी हवा. पंप आणि पंक्चरचे सामान त्याच्याकडे.

• गटाचा वेग सर्वांत हळू चालवणाऱ्याचा. त्याला मागून ओरडू नका.

• प्रत्येक वळणावर आपल्या मागचा दिसेपर्यंत थांबा. थांबताना रस्ता सोडून कडेला थांबा.

• रस्त्यावर शेजारी-शेजारी चालवू नका. रस्ते अरुंद आहेत आणि मालवाहू गाड्यांची ये-जा मोठी आहे. पहाटे पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असू द्या.

• सर्दी-खोकला, ताप असेल त्या दिवशी गटात येऊ नका. घरी म्हातारे माणूस असेल तर दोनदा विचार करा. मोठ्या आजारातून उठला असाल तर डॉक्टरांना विचारून थोड्या अंतराने सुरुवात करा.

यातला शेवटचा मुद्दा लिहिताना तो निळ्या प्लास्टिकखालचा फोटो माझ्यासमोर आहे. सहा जण हसताहेत. तो मी पुसून टाकला नाही, टाकणारही नाही.

आमचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, वयानेच गेले. अजूनही आम्ही त्या ओट्यासमोरून जाताना घंटी वाजवतो. मुलीला हे सगळे परवा सापगावच्या पुलावर सांगितले. ती काही बोलली नाही. परतताना वेग वाढवून बरीच पुढे गेली. माझे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत, चढ आला की मागे पडतो. वळण घेऊन पाहतो तर ती कडेला सायकल लावून मागे बघत उभी होती. मी दिसल्यावर तिने हात वर केला, आणि मीही केला.